डाव्या दंडावरचं इष्टलिंग

माझ्या त्या वर्षीच्या सगळ्या झंपरांची डावी बाही उजवीपेक्षा सैल आहे. बिदरच्या मैलूर भागात मी घरीच शिवणकाम करते, म्हणून हे माझं मलाच करता आलं. दुसऱ्या कुणाकडून शिवून घ्यायची वेळ आली असती तर कारण सांगावं लागलं असतं. त्या बाहीच्या आत, दंडाला, चांदीची एक बारकी करडगी बांधलेली होती. करडगी म्हणजे इष्टलिंग ठेवायची डबी. आम्हा लिंगायतांच्या गळ्यात ती असतेच. माझ्याही गळ्यात माझी आहे. दंडावरची माझी नव्हती. ती माझ्या पोटातल्या बाळाची होती. बाळ गेलं, आणि ती तिथंच राहिली.

आमच्या घरची रीत अशी की बाईला आठवा महिना लागला की गावाकडचे अय्या, म्हणजे आमचे जंगम गुरू, येतात. पोटातल्या बाळासाठी वेगळं लिंग आणून ते आईच्या दंडाला बांधतात. बाळ जन्मलं की ते बाळाचं होतं, आणि मरेपर्यंत त्याचंच राहतं. मेल्यावरसुद्धा माणसाला त्याचं लिंग हातात देऊनच पुरतात. हे मला लहानपणापासून माहीत होतं. त्यात काही विचार करण्यासारखं आहे असं कधी वाटलं नव्हतं.

मी भीमेकाठची. अफजलपूरच्या पलीकडं आमचं गाव. गावात सातवीपर्यंत मराठी शाळा होती. पुढं कन्नड शाळा, तीही लांब, म्हणून मी सातवीतच थांबले. एका मावशीजवळ शिवण शिकले. लग्न झालं ते हुमनाबादजवळच्या राजेश्वर गावातल्या घरात. पण मालक, म्हणजे माझा नवरा, बिदरला लोखंडी सामानाच्या दुकानात कामाला, म्हणून आम्ही मैलूरला, आणि सासरे वारल्यापासून सासूही आमच्याजवळ. सासूला मी अत्ती म्हणते. माहेरी जायचं तर आधी बिदरहून कलबुर्गी, तिथून अफजलपूर, पुढं गाव. सकाळी निघालं तर दिवेलागणीला पोचतं. इतक्या लांब आल्यामुळं असेल किंवा माझा स्वभावच तसा असेल, मला पहिल्या दिवसापासून एक धास्ती होती: माझं काही चुकलं तर हे लोक मला परत नेऊन सोडतील. भाजीत मीठ जास्त पडलं तरी मला तेच आठवायचं.

पहिलं बाळ दुसऱ्या महिन्यात गेलं, दुसरं तिसऱ्यात. दोन्ही वेळा वाटलं, आता अत्ती बोलणार. ती बोलली नाही. खारीक-खोबऱ्याचा लाडू हातावर ठेवून म्हणाली, "खा. तोंड एवढंसं करून बसलीस तर पोटाला काय कळणार हाय." गल्लीतली एक म्हातारी दारात उभी राहून म्हणाली, "अक्का, सुनेचं काय न्हाई व्हय अजून?" तर अत्ती जागची उठलीसुद्धा नाही. म्हणाली, "तुझ्या सुनेला चार झाले. त्यातलं एक तरी तुला तांब्याभर पाणी देतंय का? मग गप की." म्हातारी निघून गेली. मी आत मशीनवर बसून ऐकत होते आणि मला रडू आवरेना. असं माझ्या बाजूनं कुणी बोलेल, असं मला वाटलंच नव्हतं.

तिसऱ्या खेपेला तिसरा महिना पार पडला, चौथाही. अत्ती मला पाण्याची कळशी उचलू देईना. पाचवा लागला तसं तिनं अय्यांना बोलावून घेतलं. ते राजेश्वरहून आले, पाय धुतले, बसले, आणि तिचं म्हणणं ऐकून म्हणाले, "अक्का, आठव्यात बांधत्यात. पाचव्यात न्हाई."

"आठव्यापर्यंत थांबायलंच न्हाई की पोरीला. म्हणूनच पाचव्यात बांधा म्हणालेय. लेकरू एकदा लिंगाचं झालं की शिव त्याला सोडतोय व्हय?"

"रीत हाय अक्का."

"रीत तुम्हीच सांगायलाव, मग जरा तुम्हीच वाकवा की. माझ्यासाठी काय कुणी नवी रीत आणणार हाय?"

अय्या हसले. शेवटी त्यांनी विभूती लावली, लिंग माझ्या डाव्या दंडाला बांधलं, आणि बाळाच्या कानात सांगायचा मंत्र माझ्या पोटाजवळ वाकून सांगितला. मला लाजही वाटत होती आणि हसूही येत होतं. अत्तीनं डोळे वटारले. "हसू नको. बाळ ऐकायलंय."

पंधरवडाही झाला नसेल. दुपारी मी पाटावर कापड अंथरून बेतत होते. डाव्या कुशीत असं काही झालं की कात्री कुठं पडली ते कळलं नाही. आत काहीतरी फाटलं, हे मला तेव्हाच कळलं होतं. कापडाचा मला अंदाज आहे. पुढचं अर्धवट आठवतं. रिक्षा, अत्तीची मांडी, दवाखान्यातला पांढरा उजेड. नर्सबाईनं मंगळसूत्र, बांगड्या, गळ्यातली करडगी, दंडावरची करडगी, सगळं काढून रुमालात बांधून अत्तीच्या हातात दिलं. आत नेताना मी मान वळवून बघितलं. ती रुमाल दोन्ही मुठींत धरून भिंतीला टेकून उभी होती.

जागी झाले तेव्हा पोट शिवलेलं होतं. मालक उशाशी बसले होते. नखात माती होती. बाळाला राजेश्वरला आमच्या शेतात नेऊन ठेवून ते परत आले होते, हे त्यांनी सांगायच्या आधीच मला त्या नखांवरून कळलं. मुलगा होता की मुलगी, मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही. मग अत्तीनं रुमाल सोडला. माझी करडगी माझ्या गळ्यात घातली. दुसरी हातात घेऊन थोडा वेळ बसली, आणि तीही माझ्या दंडाला बांधली. घट्ट, दोन गाठी मारून. कामून बांधायलीस, असं तिला कुणीच म्हणालं नाही.

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरबाईंनी आम्हा दोघांना बसवून घेतलं. त्या कन्नडमध्ये बोलत होत्या, मला अडलं की हिंदीत. दोन्ही तळहात जवळ आणून त्यांनी दाखवलं: पोरगी आईच्या पोटात असतानाच तिच्या गर्भपिशवीचे दोन भाग असे येऊन जुळतात आणि एक पिशवी होते. तुझे जुळले नाहीत. मला ते लगेच समजलं. दोन तुकडे बेतले होते, जोडशिलाई पडलीच नाही. एक भाग अर्धा, पण तोंड असलेला. दुसरा बारका, शिवून टाकलेल्या खिशासारखा, बंद. बाळ या वेळी त्या खिशात राहिलं होतं. कसं राहिलं म्हणून मी विचारलं, तर त्या म्हणाल्या, होतं असं एखाद्या वेळी. खिसा वाढणार किती? तो फाटला. तो काढून टाकला होता. उरलेला अर्धा भाग अगदीच लहान, आणि त्याच्याकडं जाणारी नळी चिकटून बंद झालेली. आता मूल राहणार नाही. आणखी एक सांगितलं की डाव्या बाजूला माझी किडनीही नाही. अशा बायकांना पुष्कळदा ती नसते, पण एकीवर माणूस नीट जगतं. "यात तुमची चूक नाही. कुणाचीच नाही," असं त्यांनी दोनदा म्हटलं. मी हात जोडले. जीव वाचवला म्हणून जोडले होते, पण बाहेर आल्यावर मला वाटलं की मी त्या बाकीच्या बोलण्यालाही हात जोडून आले.

घरी मालकांनी आईला सगळं सांगितलं. मी स्वयंपाकघराच्या चौकटीत उभी होते, आता ती काय म्हणते ते बघत.

किडनीचं तिनं आधी घेतलं. "एक न्हाई तर काय झालं? तुझ्या सासऱ्याला एकच डोळा होता, तरी गावातलं सगळं दिसायचं त्यास्नी." मग म्हणाली, "डॉक्टरला काय, फाटल्यालं दिसलं. कामून फाटलं ते मला माहीत हाय. मी घाई केले. आठव्याचं पाचव्यात आणले."

"आई, त्याचा ह्याचा काय संबंध हाय?" मालक म्हणाले.

"तुला न्हाई कळायचं. पुढच्या बारीला आठव्यातच. त्याच्या आधी मी अय्याला दारात उभं करत न्हाई बघ."

पुढच्या बारीला. मालकांनी माझ्याकडं बघितलं आणि चपला घालून दुकानाला गेले.

गल्लीतही तेच चाललं होतं. पाचव्यात बांधलं म्हणे, रीत मोडल्यावर दुसरं काय होणार. बोल माझ्यावर यायला हवा होता, तो अत्तीवर जात होता, आणि ती तो घेत होती. सोमवारी जेवण सोडलं तिनं. अशी बाई, जी कुणाला अर्धं वाक्य पुरं करू द्यायची नाही, ती नळावर मान खाली घालून घागर भरायला लागली.

मला हळूहळू समजलं ते असं. चूक तिच्या घाईची असेल तर ती सुधारता येते. पुढच्या वेळी घाई करायची नाही, झालं. पण चूक कुणाचीच नसेल, माझी पिशवीच अर्धी असेल, तर पुढची वेळच नाही. तिला तो दोष हवा होता. आणि खरं सांगते, मलाही तिचं म्हणणं ऐकायला बरं वाटायचं. डॉक्टरबाईंचं खरं आहे हे मला माझ्या अंगातून माहीत होतं, तरी अत्ती "पुढच्या बारीला" म्हणाली की माझ्या मनात काहीतरी उठून बसायचं.

रोज सकाळी आंघोळ झाल्यावर आम्ही लिंगपूजा करतो. डाव्या तळहातावर लिंग ठेवायचं, पाणी, विभूती, एखादं फूल. माझी झाली की अत्ती म्हणायची, "त्याचं कर. त्याला कुठं हात हायत अजून." मग मी दंडावरची करडगी उघडून ते दुसरं लिंग तळहातावर घ्यायची. ते माझ्या इष्टलिंगापेक्षा लहान होतं. माझी पूजा पटकन व्हायची, त्याची वेळ खायची. मशीनवर बसल्यावरही लांब शिलाई मारताना उजवा हात आपोआप डाव्या दंडाकडं जायचा. मी त्याच्याशी बोलायची, तेही माहेरच्या बोलीत. काय बोलायची? काही नाही. आज ऊन फार हाय. ह्या बाईला गळा कुठल्या आकाराचा पायजे तेच तिला ठरवता येत न्हाई. असलं.

त्या दिवसांत गल्लीतली बारशी मी टाळायची. कापड आलंय, घाई आहे, असं सांगायचं. पण शेजारणीच्या सुनेच्या कुबसाला, म्हणजे सातव्या महिन्यातल्या ओटीभरणाला, जावंच लागलं. तिचा हिरवा झंपर मीच शिवला होता. अत्ती म्हणाली, "चल. तोंड लपवून बसायला आपण काय चोरी केलीय?"

बायका एकेक करून ओटी भरत होत्या. माझा नंबर आला. मी वाकले, हात पुढं केला, आणि ती सैल बाही कोपरावरून वर सरकली. करडगी सगळ्यांना दिसली. पाहुण्यांतली एक बाई, कमालनगरकडची, तिला आमचं काही माहीत नव्हतं. दंडाला बांधलेलं म्हणजे दिवस भरत आलेले, असं समजून तिनं माझ्या पोटाकडं बघितलं, पुन्हा दंडाकडं, आणि प्रेमानंच विचारलं, "कितवा लागलाय ग बाई तुला? दिसायलंच न्हाई की."

माझ्या ओंजळीत तांदूळ होते. मागून अत्ती म्हणाली, "लागायचाय अजून."

कुणीतरी हसलं. "अय्यो, आधी लिंग, मग लेकरू! अक्काचं सगळंच घाईचं." वाईट मनानं म्हणाली असंही नाही. घरभर बायका हसल्या आणि एकदम थांबल्या. अत्ती मात्र त्या बाईला समजावून सांगत राहिली, आता आठव्यातच बांधणार, आता चूक करणार न्हाई, असं. आवाज चढत होता. ओटी घेऊन बसलेली ती पोरगी पोटावर हात धरून आमच्याकडं टकमक बघत होती. मी तांदूळ तिच्या पदरात टाकले आणि अत्तीला दंडाला धरून घरी आणलं.

घरात आल्यावर मी म्हणाले, "अत्ती, एक विचारू? पहिल्या दोन बारीला तुम्ही काय बांधलं होतं?"

"तेव्हा कुठं काय बांधलं?"

"काहीच न्हाई बांधलं. तरी गेलीच की दोन्ही. तुमच्या घाईनं न्हाई गेलं अत्ती. माझं आतलंच अर्धं हाय, जन्मल्यापासून. पुढची बारी न्हाई."

हे म्हणताना मला ठाऊक होतं की मी कुणाची सुटका करतेय आणि कुणाला अडकवतेय. तिचा दोष उचलला तर तो ठेवायला माझ्याशिवाय जागा नव्हती. अत्ती पलंगाच्या कडेला बसली, पदरानं उगाच गुडघा पुसला आणि म्हणाली, "मग मी कशाची वाट बघायलेय?"

त्यानंतर ती माझ्याशी बोलेना. जेवायला वाढलं की जेवायची, ताट सरकवायची. मालकांना विचारलं तर म्हणाले, "बोलंल." मग एका संध्याकाळी तिनं सांगितलं, "उद्या राजेश्वरला जायचंय. तू आणि मी."

मला वाटलं, झालं. तिथं भावकी बसवणार, मुलाच्या दुसऱ्या लग्नाचं बोलणार, आणि तिथूनच मला पुढं भीमेकाठी पोचवणार. मी पिशवीत तीन साड्या भरल्या, माझी कात्री भरली. बसमध्ये बसल्यावर अत्तीनं पिशवी चाचपून बघितली. "एवढ्या साड्या कामून? कुणाच्या लग्नाला जायलीस व्हय?" हुमनाबादपर्यंत ती खिडकीतून बाहेर बघत होती आणि मी तिच्याकडं. कुठलं वाक्य ती कसं सुरू करेल ते मी मनात लावून बघत होते. तिच्याशी भांडायचं नाही, एवढं ठरवलं होतं. एवढ्या वर्षांत तिनं मला एक शब्द लावला नव्हता.

राजेश्वरला उतरून ती भावकीत गेलीच नाही. सरळ अय्यांच्या घरी गेली. ओसरीवर बसली, माझी बाही स्वतः वर केली आणि म्हणाली, "ह्याचं काय करायचं ते सांगा. पुढं बाळ न्हाई आमच्याकडं. पोरीचं आतलं अर्धं हाय, जन्मल्यापासून. डॉक्टरनं सांगितलंय."

किती सरळ म्हणाली ती. माझी बसमधली धास्ती सुटली. पण सुटल्यावर जे आलं ते बरं वाटणं नव्हतं. इतके महिने मी एकटीच मानत होते, आता तीही मानत होती. घरात "पुढच्या बारीला" म्हणणारं कुणी उरलं नाही.

अय्या म्हणाले, "हे दुसऱ्याला बांधता येत न्हाई अक्का. त्याचं हाय ते. माती देताना मी विचारलं होतं, लिंग कुठंय म्हणून. पोरगा म्हणाला, आईपाशी हाय."

"मीच मुठीत धरून उभी होते," अत्ती म्हणाली. "सुनेचं म्हणून धरले होते. त्याचं ध्यानातच आलं न्हाई मला."

"पाचव्यात बांधलं म्हणून न्हाई ना गेलं?" हे अत्तीनं नाही, अय्यांनी विचारलं, माझ्याकडं बघून. "माझ्याबी मनात तेच बसलंय इतके दिवस."

मी न्हाई म्हणाले. बाळ बंद खिशात होतं, ते सगळं मी त्यांना सांगितलं, मला समजलं होतं तसं, कापडाच्या भाषेत. एवढं मोठं माणूस पण मान हलवत ऐकत होतं.

मग ते आमच्याबरोबर शेतात आले. तूर उभी होती. बांधाच्या कोपऱ्यात त्यांनी जागा दाखवली, दगड ठेवलेली. मी ती पहिल्यांदाच बघत होते. मला वाटलं होतं, जागा बघितली की मी कोसळेन. तसं झालं नाही. ती इतकी लहान होती की मी नुसती बघत राहिले.

गाठ सुटेना. अत्तीनं बांधलेली, दोन पेडांची, घामानं आणि रोजच्या पाण्यानं आवळून बसलेली. अय्या म्हणाले, कापू का? ती म्हणाली, "कापायचं न्हाई." तिनं तांब्यातलं पाणी लावून दोरा भिजवला आणि खाली बसून, माझा दंड मांडीवर घेऊन, नखानं एकेक पेड सैल केला. वेळ लागला. तिचा श्वास माझ्या हातावर येत होता. गाठ सुटली तशी तिनं करडगी माझ्या तळहातावर ठेवली. "तू दे. आई तू हायस."

तोवर मला तसं कुणी म्हणालं नव्हतं.

अय्यांनी दगड बाजूला करून केलेल्या खळग्यात मी ती दिली. माती सारली, दगड परत ठेवले. अय्यांनी मंत्र म्हटला, त्या दिवशी पोटाजवळ वाकून म्हटला होता तोच की दुसरा, मला कळलं नाही. मला फक्त माझ्या रडण्याचा आवाज ऐकू येत होता. बाळ गेलं तेव्हा, दवाखान्यातसुद्धा, मी असं मोठ्यानं रडले नव्हते.

परतीच्या बसची वाट बघत आम्ही फाट्यावर बसलो होतो. अत्तीनं शेंगा घेतल्या होत्या, पण खात कुणीच नव्हतं. ती म्हणाली, "मी गेल्यावर माझं लिंग माझ्या हातात तू ठेव. पोरगं गोंधळतंय असल्या वेळी. विसरतंय."

"असं कामून बोलायलाव अत्ती?"

"ठेवतीस का न्हाई ते सांग."

"ठेवते."

म्हणजे तोपर्यंत मी तिथं असणार, हे माझ्या ध्यानात नंतर, बऱ्याच उशिरा आलं. तेव्हा फक्त तिचा चेहरा दिसत होता. तिला आणखी काहीतरी म्हणायचं होतं. "आणि तुझं कोण..." एवढं म्हणून ती थांबली. रस्त्याकडं बघत शेंगेचं टरफल बोटानं दाबत राहिली, ते फुटलं तरी दाबत राहिली. मी तिचा हात धरला. बस आली तेव्हा ती आधी चढली आणि माझ्यासाठी खिडकीजवळची जागा धरून बसली.